गृहस्थाचा नकार

वाईटाला नकार कसा द्यावा, याविषयी आपल्या स्मृतिकारांनी, संतांनी आणि पश्चिमेकडील नीतिशास्त्रज्ञांनी पुष्कळ लिहून ठेविले आहे. चांगल्याला नकार कसा द्यावा, याविषयी मात्र त्या मानाने फारच थोडे लिहिलेले आढळते. याचे कारण असे दिसते की, ज्याला उपदेश करावयाचा तो मनुष्य मोहाच्या कड्यावर उभा आहे, अशी कल्पना करूनच बहुतेक उपदेश केलेला असतो. आमच्यासारख्या मध्यमवर्गीय गृहस्थाची स्थिती निराळी आहे. मद्य, द्यूत किंवा लाच ही त्याच्या दाराशी क्वचितच येतात, आणि आली तरी त्यांना ओळखणे त्याला कठीण जात नाही. त्याच्या दाराशी रांग लागलेली असते ती सज्जन पाहुण्यांची. मुलीचे गाणे, मुलाचे पोहणे, गणिताची स्पर्धा, वक्तृत्वाची स्पर्धा, सोसायटीचे स्नेहसंमेलन, एखाद्या संस्थेचे चिटणीसपद, मित्राच्या पुस्तकाचा प्रकाशन-समारंभ, यांपैकी कोणाला ‘तू वाईट आहेस, चालता हो’ असे म्हणता येईल? आणि तरीही या सर्वांना आत घेतल्यावर घरच्या माणसांना बसावयास जागा उरत नाही, हा अनुभव आज घरोघरी येत आहे. तेव्हा, जी गोष्ट निःसंशय चांगली आहे ती नाकारण्याचा अधिकार गृहस्थाला कोणत्या आधारावर पोचतो, आणि तो नकार त्याने कोणाच्या वतीने द्यावा, या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

विचाराला आरंभ आमच्याच घरापासून करणे बरे; कारण दुसऱ्याच्या घराची गर्दी आपणांस नेहमीच हास्यास्पद वाटते. 2013 साली आमची कन्या चौथीत होती. त्या वेळी शिष्यवृत्तीची परीक्षा चौथीला असे. आमच्या कोथरूडच्या घरात, जेवणाच्या मेजाजवळील कपाटाच्या दारावर, आमच्या स्वतःच्या सुवाच्य हस्ताक्षरात तिचे साप्ताहिक वेळापत्रक चिकटविलेले होते. सोमवार व गुरुवार गायन, मंगळवार व शुक्रवार पोहणे, बुधवारी ॲबॅकस, शनिवारी चित्रकला आणि रविवारी सकाळी शिष्यवृत्तीच्या सराव-प्रश्नपत्रिका. त्याच कपाटाच्या दुसऱ्या दारावर आमची स्वतःची कामे अशीच लावता आली असती. परंतु ती लावण्याची आवश्यकता आम्हांस भासली नाही. महाविद्यालय तर होतेच. शिवाय विद्यापीठाचे अभ्यासमंडळ, एका वाचनालयाची कार्यकारिणी, एका व्याख्यानमालेची समिती आणि हिवाळाभर निरनिराळ्या शाळांतून वक्तृत्वाच्या परीक्षकाचे काम. आमची पत्नी बँकेत अधिकारी होती आणि सोसायटीचे हिशेबही पाहत असे. यांतील एकेक गोष्ट वेगळी काढून तपासली, तर तिला दोष देता येण्यासारखा नव्हता. चिंध्या भाराभर झाल्या होत्या खऱ्या, परंतु प्रत्येक चिंधी रेशमाची होती!

ही गर्दी आमच्या लहानपणी का नव्हती? ‘त्या काळी जीवन साधे होते’ असे उत्तर देण्याची आमच्या वयाच्या माणसांना सवय आहे. ते उत्तर आम्हांस प्रामाणिक वाटत नाही. आमचे बालपण साताऱ्यास, 1970 नंतरच्या दशकात गेले. वडील शाळामास्तर, आम्ही चार भावंडे, आणि पगार महिन्याच्या विसाव्या दिवशी संपणारा. आमच्या संध्याकाळी मोकळ्या होत्या, त्या कोणा तत्त्ववेत्त्याने मोकळ्या ठेविल्या म्हणून नव्हे. त्या भरण्यास लागणारा पैसाच कोणापाशी नव्हता. आणि त्या मोकळ्या संध्याकाळी आम्ही शाकुंतल वाचीत बसत होतो असेही नाही. वाड्याच्या भिंतीवर चेंडू आपटीत होतो आणि शेजाऱ्यांच्या शिव्या खात होतो. दारिद्र्याने केलेल्या नकाराला साधेपणाची पदवी देणे ही इतिहासाची फसवणूक आहे. आज ज्याला नकार द्यावयाचा आहे त्याच्यापाशी पैसा आहे, वाहन आहे, एकच किंवा दोनच मुले आहेत. आणि पूर्वी सहा मुलांत वाटली जाणारी आईबापांची महत्त्वाकांक्षा एकाच लहान डोक्यावर येऊन बसली आहे. त्यात आता छंदालाही बाजारभाव आला आहे. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना, शास्त्रीय गायन-नृत्याच्या परीक्षांना आणि खेळातील प्राविण्याला दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळू लागल्यापासून, मुलाने चित्र काढणे आणि मुलाने गुण काढणे यांतील सीमारेषा पुसट झाली आहे. या योजनेचा हेतू कलेला उत्तेजन देण्याचा होता, हे आम्ही मान्य करितो. परंतु ज्या गोष्टीला गुण मिळतात ती सोडून देण्याचे धैर्य आमच्या वर्गातील आईबापांना सहसा होत नाही.

आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकविले. तरीही या बाबतीत आमच्या हातून एक ढोबळ चूक घडत होती. एखादा नवा उपक्रम पुढे आला की, ‘ही गोष्ट चांगली आहे काय?’ एवढाच प्रश्न आम्ही विचारीत असू. त्याचे उत्तर बहुधा ‘होय’ असेच येई. वस्तुतः विचारावयाचा प्रश्न असा होता की, ‘ही गोष्ट, हिच्यामुळे जे जाईल त्यापेक्षा चांगली आहे काय?’ अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गातील विद्यार्थ्यालाही हे ठाऊक असते. परंतु जे जाणार असते ते दाराशी येऊन अर्ज करीत नाही, ही खरी अडचण आहे. गाण्याचा वर्ग शुल्क मागतो, गणवेश मागतो, वेळेवर येण्याची ताकीद देतो. ओसरीवरची अर्धी घटका काहीच मागत नाही, म्हणून ती बिनविरोध खर्ची पडते.

शिवाय हा खर्च कोण करितो, हेही पाहिले पाहिजे. तासाभराचा गाण्याचा वर्ग सदाशिव पेठेत होता. म्हात्रे पुलावरून जावयाचे, तासभर बाकावर बसून राहावयाचे आणि संध्याकाळच्या गर्दीतून परत यावयाचे, म्हणजे एका तासाला सव्वादोन तास मोजावे लागत. हे सव्वादोन तास आमच्या पत्नीचे होते. बँकेतून आल्यावर चहाचा पेला अर्धा ठेवून ती स्कूटरची किल्ली उचलीत असे. वर्गाला होकार आम्ही दिला होता. त्यानंतर त्या पुलावरून आम्ही स्वतः किती वेळा गेलो, याचा आकडा एका हाताच्या बोटांवर मावेल. होकार देणारा आणि त्याची किंमत भरणारा ही दोन निराळी माणसे असली म्हणजे औदार्याला फार सवलत मिळते. ‘घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे’ या म्हणीतील घोड्याला दाणापाणी कोणी केले असेल, याचा विचार आम्ही पूर्वी कधी केला नव्हता.

आमचे वडील त्या वेळी आमच्याजवळच राहत. वय 81. जुन्या मास्तरांप्रमाणे त्यांना मोडी उत्तम येत असे. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत त्यांच्या वडिलांची, म्हणजे आमच्या आजोबांची, मोडीतील पत्रे होती; घरात ती दुसऱ्या कोणालाही वाचता येत नव्हती. आम्ही तरुणपणी शिकलो नाही. कंटाळा केला, हेच खरे कारण. नातीने शिकावे अशी त्यांची इच्छा होती आणि तिलाही त्या लपेटलेल्या अक्षरांची मौज वाटे. एके दिवशी संध्याकाळी ते चष्मा लावून कपाटासमोर उभे राहिले, वेळापत्रक सावकाश वाचले आणि आम्हांस म्हणाले, ‘अरे, यात माझ्यासाठी अर्धा तास कोठे लिहिता येईल का बघ.’ त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. चाळीस वर्षे शाळेत काढलेल्या मनुष्याला वेळापत्रकाविषयी आदरच असतो. आम्ही पेन्सिलीने लिहिले : ‘रविवार, 5 ते 5.30, आजोबा.’ पहिले दोन रविवार तो नेम पाळला गेला. तिसऱ्या रविवारी ॲबॅकसची स्पर्धा होती. चौथ्या रविवारी आम्ही परीक्षक म्हणून बाहेरगावी गेलो होतो आणि मुलीला बरोबर नेले होते. असेच काही आठवडे गेले. मधला एखादा रविवार साधला. मार्गशीर्षात वडिलांना न्यूमोनिया झाला आणि ते गेले. तोवर मुलीची अक्षरे ‘ट’पर्यंत आली होती.

आम्ही त्यांना मोकळा वेळ दिला असता तर ते अधिक जगले असते, असे कोणीही म्हणणार नाही, आणि आम्हीही म्हणत नाही. परंतु पेन्सिलीने लिहिलेली ती ओळ त्यानंतर कित्येक दिवस कपाटाच्या दारावर तशीच राहिली. बाकी सर्व ओळी शाईने लिहिलेल्या होत्या.

येथे कोणी आक्षेप घेईल की, एका घरातील दुःखावरून सर्वांसाठी सिद्धान्त काढणे योग्य नव्हे. मुलाच्या अंगी कोणता गुण आहे हे दहा गोष्टी करून पाहिल्यावाचून कळावे कसे? हा आक्षेप खरा आहे. ज्यांना होकार देण्याची संधीच मिळत नाही अशी मुले आमच्या अवतीभवती पुष्कळ आहेत. आमच्या घरी भांडी घासावयास येणाऱ्या बाईंची मुलगी आमच्या मुलीच्याच वयाची होती आणि तिच्या घरी वेळापत्रकाचा प्रश्न कधी उद्भवलाच नाही. तिच्यापुढे साधेपणाचा उपदेश करणाऱ्याला आम्ही निर्लज्ज म्हणू. आमचे म्हणणे एवढेच आहे की, मूल दहा गोष्टी चाखून पाहील तर पाहो. परंतु दहाही गोष्टी एकाच वर्षी, आणि त्याही परीक्षेसह, ही चाखण्याची रीत नव्हे. 1989 साली संयुक्त राष्ट्रांनी मान्य केलेल्या बालहक्कांच्या करारात, 31व्या कलमान्वये, विश्रांती आणि खेळ हा मुलाचा हक्क म्हणून नमूद केला आहे, आणि भारताने तो करार 1992 साली स्वीकारला. ते कलम लिहिणाऱ्यांच्या मनात कारखान्यात राबणारी मुले असतील. तथापि ते वाचताना आम्हांस आमचे कपाट आठवले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रत्येक गृहस्थ जर असा दार लावून बसू लागला, तर सार्वजनिक जीवन कोणी चालवावे? पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केली. वाचनालये, शाळा, नाट्यसंस्था, सहकारी पेढ्या, महाराष्ट्रात जे काही उभे राहिले ते आपल्या घरापलीकडे होकार देणाऱ्या माणसांनी उभे केले. आम्ही स्वतः साताऱ्याच्या वाचनालयात फुकट पुस्तके वाचून मोठे झालो. तेथे संध्याकाळी कंदील पुसून ठेवणारा चिटणीस घरी ‘जमणार नाही’ म्हणून बसला असता तर आम्ही आज हे लिहिते ना. या आक्षेपाला आमच्यापाशी संपूर्ण उत्तर नाही. एवढेच दिसते की, त्या चिटणीसाच्या घरीही कोणीतरी थंड झालेले जेवण पुन्हा गरम करीत असेल, आणि त्या व्यक्तीला कोणी विचारले होते की नाही, हे संस्थेच्या अहवालात लिहिलेले नसते.

याच संदर्भात गांधीजींच्या आत्मकथेतील एक प्रसंग आम्हांस फार विचार करावयास लावतो. 1901 साली ते दक्षिण आफ्रिकेतून हिंदुस्थानास परत निघाले, तेव्हा तेथील लोकांनी त्यांना मौल्यवान भेटी दिल्या. त्यांत कस्तुरबांसाठी पन्नास गिनी किमतीचा सोन्याचा हार होता. लोकसेवेबद्दल असे धन घेणे योग्य नाही, असे गांधीजींच्या मनाने घेतले, आणि या भेटींचा विश्वस्तनिधी करावयाचा त्यांनी निश्चय केला. मग त्यांनी आधी मुलांना आपल्या बाजूस वळविले आणि नंतर पत्नीकडे गेले. वकिलाच्या पद्धतीने साक्षीदार अगोदर तयार केले, म्हणा ना! कस्तुरबांनी कडाडून विरोध केला. मुलांना दागिने नको असतील, पण उद्या सुना येतील, त्यांचे काय? आणि पतीने केलेल्या सेवेत पत्नीने दिवसरात्र उपसलेले कष्ट नाहीत काय? या दुसऱ्या प्रश्नाने आपण निरुत्तर झालो नसलो तरी तो बाण वर्मी लागला, असे गांधीजींनी स्वतःच सुचविले आहे. अखेर कशीबशी संमती मिळविली, हार परत गेला. पुढे कस्तुरबांनाही ते पटले, असेही ते लिहितात. तो निर्णय चुकीचा होता असे आम्ही म्हणत नाही. निधी पुढे समाजाच्या उपयोगी पडला. परंतु दुसऱ्याच्या गळ्यातील हार उतरवून ठेवणे याला आपण त्याग हा शब्द वापरावा काय? स्वतःच्या वाट्याचा नकार आणि दुसऱ्याच्या वाट्याचा नकार बाहेरून अगदी सारखे दिसतात. वनात एकट्याने राहणाऱ्या थोरोला हा प्रश्न कधी पडला नाही. 1845 ते 1847 ही दोन वर्षे तो वॉल्डन तळ्याकाठी साधेपणाने राहिला, पण त्याच्या झोपडीत ज्याची संमती घ्यावी असे दुसरे कोणी नव्हतेच. गृहस्थाश्रमाचे काठिण्य येथेच आहे.

ही विवेचनशक्ती आम्हांस त्या वेळी होती असे मात्र वाचकांनी समजू नये. वडिलांचे दिवसकार्य आटोपल्यावर एका रविवारी आम्ही मोठ्या निर्धाराने लाल पेन्सिल घेऊन कपाटासमोर उभे राहिलो आणि मुलीच्या ओळी खोडू लागलो. ॲबॅकस गेले, चित्रकला गेली. गाण्याचा वर्ग पुलापलीकडे म्हणून तोही गेला. पोहणे ठेविले, कारण तलाव घराजवळ होता. आमची पत्नी हे पाहत उभी होती. ती म्हणाली, ‘तिच्या झाल्या. आता तुमच्या सांगा.’ आम्ही म्हणालो, ‘माझी कामे निराळी आहेत.’ ‘कशी?’ एवढाच तिचा प्रश्न. तीस वर्षे विद्यार्थ्यांना हेत्वाभास शिकविणाऱ्या मनुष्याला त्याचे उत्तर देता आले नाही, हे सांगितले म्हणजे पुरे. त्याच रात्री आम्ही तीन पत्रे लिहिली. अभ्यासमंडळाची मुदत संपत होतीच. परीक्षकाची कामे त्या वर्षापासून बंद केली. वाचनालय मात्र सुटले नाही, आणि ते आम्ही कोणत्या तत्त्वाने ठेविले असे कोणी विचारील तर जिव्हाळ्यापलीकडे दुसरे कारण देता येणार नाही.

नकार देणे ही एक विद्या आहे, आणि ती आम्हांस पन्नाशीच्या उंबरठ्यावर शिकावी लागली. ‘भीड ही भिकेची बहीण’ हे आपले पूर्वज सांगून गेले, परंतु भीड मोडावी कशी ते सांगून गेले नाहीत. आरंभी आम्ही प्रकृतीचे कारण पुढे करीत असू. कांटने 1797 साली, जीव वाचविण्यासाठीही असत्य बोलू नये असे प्रतिपादन केले; आमचे असत्य तर केवळ एका बक्षीस-समारंभातून सुटण्यासाठी होते. शिवाय ते निरुपयोगी ठरे, कारण समोरचे गृहस्थ आमच्या सोयीने तारीख पुढे ढकलीत! कारण जितके तपशीलवार द्यावे तितकी त्याला तोड निघते, हे लवकरच ध्यानात आले. ‘संध्याकाळी मी घरी असतो’ हे वाक्य आम्ही सरावाने म्हणू लागलो. एका जुन्या स्नेह्याला ते इतके लागले की त्याने पुढे वर्षभर बोलणे सोडले. त्याच्या जागी आम्ही असतो तर आम्हांसही लागले असते.

मोकळ्या झालेल्या संध्याकाळींचे काय झाले? प्रारंभीचे काही आठवडे अत्यंत निराशाजनक गेले. मुलगी ‘काय करू?’ म्हणून पाठीमागे लागे, आणि तिच्या हाती दूरचित्रवाणीचा रिमोट दिला की घर शांत होई. आपण एका चांगल्या वर्गाच्या जागी एक वाईट चित्रमालिका आणून बसविली की काय, अशी शंका आम्हांस आली. बर्ट्रांड रसेलने 1930 साली प्रसिद्ध झालेल्या सुखविषयक ग्रंथात, कंटाळा सोसण्याची शक्ती मुलांत लहानपणीच आणावी असे म्हटले आहे. परंतु मुलाचा कंटाळा सोसण्याची शक्ती आईबापांत कशी आणावी, याचा खुलासा त्याने केलेला आम्हांस सापडला नाही. हळूहळू मात्र ती आजोबांच्या रिकाम्या खाटेवर उताणी पडून वाचू लागली. खिडकीतून दिसणाऱ्या शिरीषाच्या झाडावरील कावळ्यांना तिने नावे दिली. पत्नीचा चहा पूर्ण होऊ लागला. यापेक्षा मोठे फळ आम्ही वाचकांना दाखवू शकत नाही, आणि दाखविण्याचा आवही आणीत नाही.

उलट एक तोटा सांगावयाचा राहिला आहे. आमची कन्या आता बावीस वर्षांची असून नोकरीनिमित्त बंगळुरूस असते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीस ती घरी आली असता रेडिओवर कोणी मारवा गात होते. ती स्वयंपाकघराच्या दारात थांबून ऐकत होती. संपल्यावर ती सहज म्हणाली, ‘बाबा, त्या वेळी तुम्ही मला विचारले असते तर मी पोहणे सोडले असते.’ आम्ही काही बोललो नाही. पुलापलीकडे जाणे त्रासाचे होते हे खरे, आणि त्या त्रासातून तिच्या आईची सुटका झाली हेही खरे. परंतु लाल पेन्सिल आमच्या हातात होती आणि ती आमच्या शेजारी उभी होती. विचारण्यास अर्धा मिनिट लागला असता.

पत्र्याची ट्रंक अद्याप आमच्याकडेच आहे. गेल्या महिन्यात मुलीचा दूरध्वनी आला. तिने मोडीच्या एका दूरस्थ वर्गात, शनिवार-रविवारच्या, नाव घातले आहे, आणि आजोबांच्या ट्रंकेतील पत्रांची छायाचित्रे धाडा, असे तिने कळविले. पहिल्या दोन पत्रांची छायाचित्रे आम्ही त्याच दिवशी व्हॉट्सॲपवरून धाडली. तिचे काम आठवड्याचे पाचही दिवस रात्री उशिरापर्यंत चालते, हे आम्हांस ठाऊक आहे. या वर्गासाठी तिने काय सोडले, असे आमच्या ओठांवर आले होते. विचारले मात्र नाही. काल तिचा निरोप आला की, एका पत्रातील चार ओळी लागल्या : कोरेगावहून येणाऱ्या गुळाच्या दोन ढेपा अद्याप पोचल्या नाहीत, म्हणून पणजोबांनी कोणाला तरी खरमरीत लिहिले आहे.